तोस्कानाचे पांढरे रस्ते: सिएना ते मोंतालचिनो सायकलवरून (माहिती आणि अनुभव हवेत)

चक्रधर

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्याचे तिघे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इटलीला निघालोय. व्हिसा झाला, तिकिटं झाली. त्यातले पाच दिवस फक्त सायकलसाठी राखून ठेवलेत. इथे वेल्हे, मुळशी, पानशेतच्या आतल्या मुरुमाच्या रस्त्यांवर आम्ही दर रविवारी असतो, त्यामुळे खडी आणि धूळ नवी नाही. तिघांनीही ग्रॅव्हल सायकल घेऊन दोन वर्षं झाली.

मनात आहे ते तोस्कानातल्या (टस्कनीतल्या) सिएना शहराच्या आसपासचे 'स्त्रादे बिआंके', म्हणजे पांढरे रस्ते. लेरोइका म्हणजे तिथली जुन्या सायकलींची वार्षिक फेरी. तिचा २०९ किलोमीटरचा जो कायमस्वरूपी आखलेला मार्ग आहे, तो दोन दिवसांत करावा आणि उरलेले तीन दिवस सिएनाच्या दक्षिणेकडच्या व्हाल दोर्चा या खोऱ्यात फिरावं, असा कच्चा बेत. आमच्यातला एक शुद्ध शाकाहारी आहे.

प्रश्न: टायर किती रुंद? सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? दोन दिवसांत २०९ जमेल का? कोणी गेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

निमिष

वाचतोय. हा धागा वर राहू दे, मलाही पुढच्या वर्षी जायचंय.

रेवा

चक्रधर, मी चार वर्षं सिएनात होते. मातीवरच काम होतं, आणि शनिवार-रविवार सायकल. त्यामुळे थोडं लांबेल.

आधी एक विनंती. मार्ग आखताना सगळे उंचीचा आलेख बघतात, तुम्ही आधी माती बघा. सिएनाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला दोन वेगळे प्रदेश आहेत आणि दोन्हीकडे 'पांढरा रस्ता' या एकाच नावाखाली अगदी वेगळी गोष्ट मिळते.

उत्तरेला किआंती. तिथे खाली चुनखडक आणि पत्र्यासारखा सुटणारा शेल. रस्ता टणक, खडे टोकदार, पाणी पटकन निचरतं. द्राक्षमळे, ओकची रानं, सावली भरपूर. पाऊस पडून गेल्यावर दोन तासांत रस्ता चालवण्याजोगा होतो. इथे त्रास टायर कापला जाण्याचा.

दक्षिणेला क्रेते सेनेसी. 'क्रेता' म्हणजे चिकणमाती. पन्नास ते पंचवीस लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ही राखाडी टेकाडं. झाडं जवळपास नाहीत, नुसता गहू आणि आकाश. काही उघड्या घुमटासारख्या टेकड्यांवर पांढरी पूड दिसते, त्यांना 'बिआंकाने' म्हणतात. ती पूड म्हणजे सोडियमचे क्षार. मी मूळची लातूरची, पहिल्यांदा हे पाहिलं आणि मनात शब्द आला तो 'चोपण'. आपल्याकडच्या चोपण जमिनीचं जे दुखणं, तेच इथलं: ओली झाली की माती विरघळल्यासारखी सुटते आणि जिथे लागेल तिथे चिकटते.

म्हणून क्रेतेमध्ये दोन प्रकारचे रस्ते ओळखायला शिका. एक, ज्यांवर चुनखडीची बारीक खडी टाकून दाबलेली असते. या रस्त्यांवरून 'स्त्रादे बिआंके' याच नावाची व्यावसायिक शर्यत होते, तिच्यातले सगळे टप्पे याच जातीचे. पावसात त्यांवर वरणासारखा पातळ चिखल होतो, अंग-तोंड माखतं, पण चाक फिरत राहतं. २०१८ ची शर्यत अशाच चिखलात झाली होती. दुसरा प्रकार म्हणजे शेताच्या कडेने जाणारी, खडी नसलेली वाट. नकाशाच्या ॲपवर दोन्ही सारख्याच तुटक रेषेने दिसतात. पाऊस पडला की दुसऱ्या प्रकारात पाऊल टाकू नका. दहा मीटरमध्ये चाक फ्रेममध्ये अडकतं. मग सायकल उचलून चालावं लागतं, आणि बुटाला दोन-दोन किलो माती असते.

आता तुमच्या २०९ बद्दल. अंतर दोन दिवसांत होईल, पण साडेतीन हजार मीटरच्या वर चढ आहे आणि तो आपल्या घाटांसारखा नाही. सिंहगड एकदा चढलात की उतारावर पाय मोकळे होतात. तिथे घाट नाहीच. दीड किलोमीटर चढ, एक किलोमीटर उतार, पुन्हा चढ, असं दिवसभर. उतारावरही सैल खडी असल्याने हात ब्रेकवरून सुटत नाहीत, म्हणजे विश्रांती कुठेच नाही. चढ बारा-पंधरा टक्के सहज जातात, ले तोल्फेचा तुकडा अठरा टक्के आहे. सैल खडीवर अठरा टक्क्यांत उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढायला लागतं. त्यासाठी पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा मोठी नको, एवढं नक्की बघा.

माझा सल्ला: पाचही दिवस याच प्रदेशाला द्या आणि दिवसाला पन्नासेक किलोमीटरच धरा. सुरुवातीचे तीन असे:

पहिला दिवस गायोले इन किआंतीपासून. थोड्याच अंतरावर ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणारा, दोन्ही बाजूंना सुरूची झाडं असलेला पांढरा रस्ता लागतो. लेरोइकाच्या दिवशी पहाटे अंधारात या चढावर दिवे लावलेले असतात. पुढे वळणं घेत कास्तेलनुओवो बेरार्देंगाला मुक्काम.

दुसरा दिवस या सगळ्याचा गाभा. मोंते सांते मारिए, साडेअकरा किलोमीटरचा टप्पा, शेवटी आशानो गाव. स्विस सायकलपटू फाबियान कान्चेलारा ती शर्यत तीनदा जिंकला (२००८, २०१२, २०१६), म्हणून या टप्प्याला त्याचं नाव दिलंय. पाण्याच्या दोन बाटल्या भरूनच निघा, मधे काही नाही. घाई करू नका. वाऱ्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही अशी जागा युरोपात मला दुसरी सापडलेली नाही. आशानोहून पिएव्हे आ साल्तीवरून बुओनकोन्वेंतो.

तिसरा दिवस बुओनकोन्वेंतोहून कास्तिलिओन देल बोस्कोच्या रस्त्याने मोंतालचिनो. दीडशे मीटरवरून साडेपाचशेच्या वर. हाच त्यातल्या त्यात आपल्या घाटासारखा. वर पोचलात की ब्रुनेल्लो वाइनच्या द्राक्षांचे मळे सगळीकडे. परतीला तोर्रेनिएरीवरून खाली.

शेवटचे दोन दिवस हवामान बघून ठरवा. कोरडं असेल तर लुचिन्यानो दास्सो आणि व्हाल दोर्चा, पाऊस असेल तर उलट वर किआंतीत.

बाकीचं उद्या लिहिते.

समुद्रकाठ

रेवा, काय सुंदर लिहिलंय. चोपणची तुलना तर अगदी पटली.

चक्रधर, तुमच्या धाग्यावर जरा वेगळं सांगते. मी बार्सिलोनात असते. ज्यांना अठरा टक्के झेपणार नाहीत, किंवा मुलं बरोबर आहेत, त्यांनी स्पेनच्या 'व्हिया व्हेर्दे' बघाव्यात. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून त्या जागी दाबलेल्या मातीचे सायकलमार्ग केलेत. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे डोंगराळ मुलुखातूनही उतार सौम्यच राहतो. जिरोनाहून ओलोतला जाणारी अरुंद रुळांची गाडी १९६९ साली बंद झाली, त्या वाटेवर आम्ही अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन तीन दिवसांत गेलो. ओलोतला पोचल्यावर बाजूलाच ज्वालामुखीची झोपलेली तोंडं आणि जोर्दाचं बीचचं जंगल. ते जंगल लाव्हाच्या थरावर उगवलंय, म्हणजे आपल्या सह्याद्रीची आठवण येणारच.

अंदालुसियात आणखी एक आहे: प्युएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा, ३६ किलोमीटर. तीस बोगदे! आणि त्या मार्गावरून आगगाडी कधी धावलीच नाही, काम अर्धवट राहिलं. वाटेत साफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. दिवे मात्र हवेतच, काही बोगद्यांत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही.

चक्रधर

रेवाताई, मनापासून आभार. पूर्ण बेत बदलतोय. २०९ चा हट्ट सोडला. टायर, राहणं आणि जेवण याबद्दलही लिहा ना.

समुद्रकाठ, तुमचा मार्ग आईबाबांसाठी टिपून ठेवला.

रेवा

टायर: ४० मिमी, ट्यूबलेस, आत सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) ताजं. किआंतीच्या टोकदार खडीने बाजूची भिंत कापली तर सीलंट पुरत नाही, म्हणून एक ट्यूब आणि आतून लावायला जाड तुकडा बरोबर असू द्या. हवा पुण्यात ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा. गाड्यांमुळे उतारांवर रस्त्याला पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. जास्त हवा असेल तर त्या लाटांवर हात सुन्न होतात आणि चाक जमीन सोडतं.

सायकल: तिथेच घ्या. सिएनात आणि गायोलेतही चांगल्या ग्रॅव्हल सायकली भाड्याने मिळतात. मी पाहुण्यांसाठी घेतली तेव्हा दिवसाला ४५ युरो पडले होते. आपली सीट, पायडल आणि बूट न्या, बाकी त्यांचं.

आगगाडी: बुओनकोन्वेंतो आणि आशानोला स्टेशन आहे. प्रादेशिक गाडीत सायकलचं वेगळं तिकीट काढून ती तशीच चढवता येते. रविवारी गाड्या कमी. सिएनाचं स्टेशन खाली आणि शहर वर डोंगरावर आहे हे लक्षात ठेवा, दमून पोचल्यावर तो शेवटचा चढ जड जातो.

राहणं: लेरोइका ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असते. तुम्ही आधीच्या आठवड्यात आहात, म्हणजे गायोले भरलेलं असणार. खोल्या आजच बघा, किंवा पहिला मुक्काम सिएनातच करा. पण त्या गर्दीला टाळू नका, शक्य असेल तर शनिवारी गायोलेत एक फेरी मारा. १९८७ च्या आधीच्याच शर्यतीच्या सायकली, गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या नळीवर, लोकरी जर्सी, सत्तरीतले आजोबा. १९९७ साली जानकार्लो ब्रोच्चींनी हे सुरू केलं तेव्हा ९२ जण होते. त्यांचा हेतू शर्यतीचा नव्हता. हे पांढरे रस्ते एकेक करून डांबराखाली चालले होते, ते वाचावेत, म्हणून लोकांना सायकलवर त्यांवरून न्यायचं, इतकं साधं. व्यावसायिक शर्यत त्यानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये आली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आज आपण ज्या रस्त्यांचे फोटो बघून जातो, ते नशिबाने उरलेले नाहीत, कोणीतरी अडून बसलं म्हणून उरलेत.

जेवण: शाकाहारी मित्राला सांगा, तोस्कानात उपाशी राहणार नाही. रिबोल्लिता मागवा: शिळा पाव, पांढऱ्या राजम्यासारख्या शेंगांच्या बिया, काळा कोबी, पुन्हा उकळून घट्ट केलेलं. लेरोइकाच्या थांब्यांवरही हीच देतात. फक्त रस्सा मांसाचा आहे का ते प्रत्येक ठिकाणी विचारा. पिची हा हाताने वळलेला जाड शेवयांचा प्रकार, लसूण-टोमॅटोच्या रश्शात. तिथल्या पावात मीठ नसतं, पहिला घास अळणी लागेल. आणि खिशात ठेवायला सिएनाचं पानफोर्ते, मध-बदाम-सुक्या फळांचं. आपल्या चिक्कीचं काम करतं आणि उन्हात वितळत नाही.

दुकानं दुपारी एक ते चार बंद. गावाच्या चौकात नळ असतो, 'नॉन पोताबिले' लिहिलं असेल तर पिऊ नका.

कुत्रे: मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे पांढरे मारेम्मा जातीचे कुत्रे असतात. ते तुम्हाला चावायला नाही, कळपापासून दूर ठेवायला येतात. सायकलवरून उतरा, सायकल मधे धरा, शांत चालत जा. जोरात पायडल मारून पळणं हीच चूक.

शिकार: सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून हंगाम सुरू होतो. मंगळवार आणि शुक्रवारी संपूर्ण इटलीत शिकार बंद असते, त्यामुळे रानातून जाणारे मार्ग या दोन दिवशी ठेवा. इतर दिवशी भडक रंगाचा शर्ट.

अप्पा६१

रेवा, माझं वय ६१, गुडघा एक बदललेला. बॅटरीवाली सायकल चालेल का या रस्त्यांवर? की तिथले लोक नाक मुरडतील?

रेवा

अप्पा, बिनधास्त चला. रस्त्यावर भेटणाऱ्यांतले कितीतरी जण तुमच्याच वयाचे आणि बॅटरीवरच असतात. एवढंच सांभाळा की ती सायकल जड असते, सैल खडीच्या उतारावर थांबायला जास्त अंतर लागतं. उताराच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. आणि गाडीच्या चाकांनी दाबलेल्या पट्टीतच राहा, मधल्या सैल खडीत शिरू नका.

पायडलपाटील

धागा पूर्ण वाचला. दोनदा वाचला. एक बोलू का?

आमच्याकडे, सांगली जिल्ह्यात, पाणंद म्हटलं की शेतकऱ्याच्या अंगावर काटा येतो. जून ते ऑक्टोबर ट्रॅक्टर जात नाही. बाळंतीण बाई वस्तीवरून दवाखान्यात न्यायची तर बैलगाडी. ऊस तोडून पडलेला, आणि गाडी फडापर्यंत पोचत नाही. त्यामुळे पाणंदीवर काँक्रीट आलं की आम्ही पेढे वाटतो. डांबर नको, कच्चा रस्ता वाचवा, हे तिथल्या शेतकऱ्याला कसं परवडतं? मी स्वतः सायकल चालवतो, मला पाणंद जीव की प्राण आहे, म्हणून प्रामाणिकपणे विचारतोय.

रेवा

पाटील, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे.

पांढरा रस्ता आणि कच्चा रस्ता एक नाही. मोंते सांते मारिएवरून मी गव्हाच्या मळणीचे ट्रक जाताना पाहिलेत, शाळेची बस पाहिली, पोस्टमन पाहिला. तो बारमाही रस्ता आहे. फक्त त्याचा वरचा थर बांधलेला नाही. त्याला मधे फुगवटा दिलेला असतो, पाणी दोन्ही बाजूंना पडतं, बाजूच्या चऱ्या दरवर्षी उपसतात, हिवाळ्यानंतर खड्डे पडले की यंत्राने खरवडून नवी खडी दाबतात. जिथे हे काम थांबतं तिथे रस्ता दोन वर्षांत तुमच्या पाणंदीसारखा होतो, तेही मी पाहिलंय. तेव्हा आधी चर आणि निचरा. तो नसेल तर काँक्रीटही काळ्या मातीवर तडकतं, हे लातूरच्या कोणालाही विचारा.

शेतकऱ्याला काय मिळतं? ज्या घरांत आधी कोणी राहायला उरलं नव्हतं त्यांत आता सायकलवाले उतरतात. त्याने सगळ्यांचं भलं होतं असं मी म्हणणार नाही. पण आशानोच्या बेकरीत ऑक्टोबरमध्ये सकाळी सात वाजता रांग असते, ती आमच्यासारख्यांची.

पायडलपाटील

चर. बरोबर बोललात. आमच्या आज्याच्या वेळी पाणंदीच्या दोन्ही बाजूला चर होती. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी नांगराचं एक-एक तास पुढे सरकवत ती खाऊन टाकली. आता पाणी जाणार कुठे?

समुद्रकाठ

हे वाचून थांबलेच क्षणभर.

चक्रधर

मंडळी, परत आलो. तिघेही धडधाकट. धागा वर काढतोय कारण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

पहिले दोन दिवस कोरडं, गार वारा, निळं आकाश. गायोलेत खोली मिळाली नाही, सिएनाहून निघालो. ब्रोलिओचा चढ सुरूच्या सावलीत संपला कधी कळलं नाही. मोंते सांते मारिएवर मी एकटा मागे राहिलो, मुद्दाम. शेतं नुकतीच नांगरलेली, ढेकळं एवढाली की त्यांच्या सावल्या पडत होत्या. रेवाताई, तुम्ही म्हणालात तसंच, वाऱ्याखेरीज काही नाही. मी सायकल आडवी ठेवली आणि अर्धा तास नुसता बसलो. आईला फोन करावासा वाटला, केला, आणि तिला काय सांगावं ते सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाऊस. दहाला थांबला. मोंतालचिनोचा चढ त्या ओल्या रस्त्यावर नीट झाला, पांढऱ्या चिखलाने सायकली ओळखू येत नव्हत्या. परतीला मात्र मी घोळ केला. ॲपवर तीन किलोमीटर वाचवणारी एक वाट दिसली. तुम्ही लिहिलेलं सगळं आठवत होतं आणि तरी वाटलं, वर सुकलीय. दोनशे मीटर गेलो. मागचं चाक थांबलं ते थांबलंच, गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर लटकतो तो तुकडा, वाकला. तिथून पाऊण तास सायकल खांद्यावर. उताराच्या शेवटी एक घर होतं, तिथल्या आजींनी काही न विचारता पाण्याचा पाइप हातात दिला आणि माती खरवडायला एक लाकडी पट्टी आणून दिली. ती पट्टी दाराजवळच ठेवलेली होती, झिजून गुळगुळीत झालेली. म्हणजे तिथे असे खूप जण येत असणार.

शाकाहारी मित्राने पाच दिवसांत सात वाट्या रिबोल्लिता खाल्ली. मेंढ्यांचे कुत्रे एकदाच आले, आम्ही उतरून चाललो, ते थांबले. शुक्रवारी किआंतीतल्या रानातून गेलो, खरंच एकही बार ऐकू आला नाही.

शनिवारी गायोलेत गेलो. एका आजोबांच्या सायकलला चामड्याची सीट, तिला त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं. त्यांनी आमच्या कार्बनच्या सायकलींकडे बघून काहीही वाईट म्हटलं नाही, उलट विचारलं, भारतात असे रस्ते आहेत का? मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, पांढरे? मी म्हटलं, तांबडे आणि काळे.

पाटीलदादा, तेव्हापासून तुमची पाणंद डोक्यात आहे. दाखवाल का?

पायडलपाटील

या की. आमच्या गावापासून पस्तीस किलोमीटरची एक फेरी मी जोडून ठेवलीय, त्यातले बावीस पाणंदीचे. दोन ओढे आहेत, डिसेंबरमध्ये पाणी घोट्याएवढं असतं. एका पाणंदीला आम्ही चौघा शेतकऱ्यांनी यंदा चर पुन्हा काढलीय, दोनशे मीटरच झाली, पण परतीच्या पावसात तेवढ्या भागात पाणी साचलं नाही.

चक्रधर

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तिघे येतो. ४० मिमी चालतील ना?

पायडलपाटील

चालतील. पण आडवी बाभळ खूप आहे, सीलंट भरून आणा. ऊसतोड चालू असेल, ट्रॉल्या येण्याआधी निघायचं तर सहाला तयार राहा. शनिवारी रात्रीच मुक्कामाला या, जेवायला घरीच आहे.

अप्पा६१

बॅटरी चार्ज करायला प्लग असेल तर माझीही एक गादी टाका.